शेळीचा खुराक, मेंढीचे मरण, खापर मालकावर



जनावर मेले की चौकशीला येणाऱ्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. काय खायला घातले होते? मालक खाली मान घालून सांगतो, धान्य घातले साहेब, जरा जास्तच खाल्ले असेल. झाले! कारण लिहून झाले, माणूस अडाणी ठरला, कागद मिटला. शेळी ही गरिबाची गाय, असे व्यासपीठावरून सांगणाऱ्यांपैकी कोणी पुढचा प्रश्न विचारत नाही. बाबा रे, धान्य घालायची वेळ का आली? चारा कुठे गेला? किती घालायचे, कसे घालायचे, शेळीला चालते ते मेंढीला चालते का, हे तुला आजवर कोणी सांगितले होते का?

आम्ही लिहितो आहोत ते पालघर आणि बोईसर-तारापूरकडचे. कापूस-ज्वारीच्या कोरडवाहू माणसाला समुद्रकाठच्या भातवाल्यांचे काय, असे कोणी म्हणेल. पण तारापूरच्या कारखान्यांत राबणाऱ्यांत तुमच्या-आमच्या गावची पोरे आहेत. शेती परवडली नाही म्हणून ती गेली, आणि गाव सुटले तरी जनावराची हौस सुटली नाही म्हणून खोलीमागे पत्र्याच्या आडोशाला दोन शेळ्या बांधून बसली. त्या शेळ्यांपुढे पडणारी ज्वारी आणि सरकीची पेंड तुमच्यासारख्यांच्याच रानातली. आणि तिकडे आज जे झाले आहे ते तुमच्या गायरानाच्या कडेला येऊन उभे आहे.

पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ ला ठाण्यातून वेगळा झाला. पण त्याच्या जमिनीवर डोळा फार आधीपासूनचा. तारापूरची अणुभट्टी १९६९ साली वीज देऊ लागली. पुढे तिसऱ्या-चौथ्या भट्टीसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठवली. शेजारी औद्योगिक वसाहत पसरली. मग मालगाड्यांचा वेगळा लोहमार्ग, बुलेट ट्रेन, द्रुतगती महामार्ग, आणि ३० ऑगस्ट २०२४ ला वाढवण बंदराची पायाभरणी. वीज नको, रेल्वे नको असे आम्ही म्हणत नाही. मोबदल्याच्या लढाया ज्यांच्या त्यांनी लढल्या आहेत, अजून लढत आहेत. पण मोबदल्याचा हिशेब खातेदाराच्या सातबाऱ्यावरून होतो. गुरचरणात, माळावर, ओढ्याकाठी चरणाऱ्या शेळीच्या नावावर सातबारा नसतो. तिचा पाला गेला, त्याची नोंद कुठल्या रकान्यात?

जे गवत उरले त्याची गंमत पाहा. पावसाळा सरला की पालघर, वाडा, विक्रमगडकडचे गवत कापले जाते, वाळवले जाते, त्याची गवत-पावली म्हणून बांधाबांध होते आणि ट्रक मुंबईच्या तबेल्यांकडे निघतात. विकणाऱ्याला आमचा दोष नाही. ज्याला जिथे भाव मिळेल तिथे त्याने विकावे, हे आम्ही इतरांना सांगतो तेच त्यालाही लागू. पण जिल्ह्याचे गवत ट्रकने बाहेर जाते आणि बोईसरच्या चाळीतल्या शेळीपुढे येतात रेशनचे तांदूळ, गिरणीतले झाडलोट पीठ आणि लग्नातला उरलेला भात, ही वस्तुस्थिती आहे. २०२३ पासून अन्नसुरक्षा कायद्याचे धान्य फुकट झाले. गवताची पेंढी विकत आणि गहू फुकट! मग गरीब माणूस जनावराला काय घालील? जे स्वस्त ते. त्याला अडाणी म्हणणाऱ्याने आधी हा हिशेब मांडून दाखवावा.

आता मेंढीकडे येऊ. दिवाळीनंतर भात निघाले की नाशिक-धुळ्याकडचे मेंढपाळ घाट उतरून कोकणात येतात. भाताच्या मोकळ्या खाचरांत मेंढ्या बसतात, शेताला खत होते, आणि पाऊस लागायच्या आत कळप माघारी चढतो. कोकणचा पाऊस मेंढीला मानवत नाही, खुर सडतात, हे मेंढपाळाला पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. कळपात एखादे कोकरू लंगडे असते, चालीला टिकत नाही, ते वाटेत विकले जाते. घेणारा हौसेने घेतो, पोरे त्याला कडेवर घेतात, आणि ते शेळ्यांच्या दावणीला बांधले जाते. एक गव्हाण, एक पोते, एक माप. खरी गोची इथे सुरू होते.

आपल्या भाषेतच ‘शेळ्यामेंढ्या’ असा जोडशब्द आहे. सरकारचे महामंडळही एकच, पुण्यश्लोक अहिल्यादेवींच्या नावाचे मेंढी व शेळी विकास महामंडळ. २०१९ च्या पशुगणनेत राज्यात शेळ्या १ कोटीच्या वर आणि मेंढ्या २७ लाखांच्या आसपास भरल्या. शब्द एक, महामंडळ एक, दावण एक. पोटे मात्र वेगळी. शेळी मान वर करून झुडपाचा पाला ओरबाडणारी, मेंढी मान खाली घालून गवत खुडणारी. आणि त्याहून मोठा फरक काळजात आहे, तो पुढे सांगतो.

आधी दोघींना सारखेच लागू पडणारे. रवंथ करणाऱ्या जनावराचे कोटीपोट म्हणजे विरजणाचे भांडे समजा. त्यात चारा पचवणारे कोट्यवधी सूक्ष्म जीव राहतात. जनावर कडबा चावते, रवंथ करते, तेव्हा तोंडाला लाळ सुटते. त्या लाळेत निसर्गाने सोडा घालून ठेवला आहे, तो पोटातला आंबटपणा मारत राहतो. धान्य एकदम पडले की दुसऱ्याच जातीचे जीव फोफावतात, आम्ल तयार होते, रवंथ थांबते, लाळ थांबते, सोडा थांबतो. ताक आंबून फाटावे तसे पोट फाटते. बारा ते छत्तीस तासांत जनावर सुस्तावते, दात खाते, डावी भकाळी फुगते, आंबूस वासाची पातळ हागवण लागते, पाय लटपटतात, मग ते बसते ते उठत नाही.

हे होते ते धान्य विषारी असते म्हणून नव्हे. एकदम पडते, चाऱ्याशिवाय पडते आणि पीठ होऊन पडते म्हणून. दळण जितके बारीक तितके ते झटकन आंबते. शेळीला आणि मेंढीला देवाने दात दिले आहेत, त्यांना अख्खे धान्य किंवा फार तर जाडा भरडा पुरतो. पीठ, कणकेचे गोळे, लग्नातला भात हे सगळ्यात वाईट. आणि धान्या-धान्यात फरक आहे, तो ज्वारीवाल्यांनी कान देऊन ऐकावा. गहू पोटात सगळ्यात झपाट्याने आंबतो. मका त्याहून सावकाश आणि ज्वारी त्याहूनही सावकाश. ज्वारीही अघोरी घातली तर मारील, यात शंका नको. पण मापात घालायचे झाले तर गव्हापेक्षा ज्वारीचा धोका कमी. आणि सरकारने फुकट काय वाटले? गहू आणि तांदूळ. २०२५-२६ च्या हंगामाला संकरित ज्वारीचा हमीभाव क्विंटलला ३,६९९ रुपये जाहीर झाला. काढणीला पाऊस लागून काळी पडलेली ज्वारी घेऊन खरेदी केंद्रावर जा आणि तो भाव मागून बघा. दर्जात बसत नाही म्हणून परत आलेला तोच माल व्यापाऱ्याकडे पडेल भावाने जातो आणि कुठल्या तरी गोदामातून ‘जनावरांसाठी’ म्हणून बाहेर पडतो. बुरशीचे धान्य माणसाला वाईट आणि जनावराला चालते, हा शोध कोणी लावला? बुरशीचे विष काळीज नासवते, गाभडवते, दूध आटवते. काळे, कुबट, ढेकळे झालेले धान्य शेळीलाही नको आणि मेंढीलाही नको. फुकट मिळाले तरी नको.

माप सांगतो. तीसेक किलोच्या जनावराला धान्याची सवय नसेल तर पहिल्या दिवशी ५० ग्रॅम, म्हणजे एक मूठ. दर दोन-तीन दिवसांनी थोडे वाढवत दोन आठवड्यांत २०० ते २५० ग्रॅमपर्यंत जावे आणि तिथे थांबावे. तेही सकाळ-संध्याकाळ विभागून, आणि आधी वाळला चारा पोटात गेल्यावर. दुभतीला, गाभणीला शेवटच्या महिन्यात थोडे जास्त लागते, ते डॉक्टरला विचारून. धान्य चार दिवस बंद पडले तर पुन्हा पहिल्या मुठीपासून सुरुवात. आणि हौसेची भाकड शेळी, पोटभर पाला-गवत मिळणारी, तिला धान्याची गरजच नसते. तिला ते आपल्या समाधानासाठी घातले जाते.

चाळीतल्या जनावराचे तर विचारू नका. जनावर एकाचे आणि लाड सगळ्यांचे. या खोलीतून भाकरीचा तुकडा, त्या खोलीतून उरलेला भात, तिसरीकडून मूठभर गहू. प्रत्येकाने थोडेच घातले, एकूण किती पडले ते कोणालाच ठाऊक नाही. दावणीजवळ ‘मालकाला विचारल्याशिवाय काही घालू नये’ अशी पाटी लावायला लाजू नका.

दोन-चार जनावरे एकत्र असली की सरासरीचे माप फसवते. चार जनावरांचे किलोभर धान्य एका गव्हाणीत ओतले म्हणजे प्रत्येकाला पावशेर मिळाले, असे कागदावर होते. गव्हाणीवर शिंगाळी शेळी दुसरीला ढुशी मारून हटवते, तिचे दोन वाटे होतात आणि बुजरे कोकरू कडेला उभे राहते. आज मेली ती धडधाकट, उद्या खंगेल ते कोकरू. म्हणून खुराकाच्या वेळी प्रत्येकाला आखूड दोरीने वेगळे बांधावे, वेगळ्या घमेल्यात घालावे, अर्ध्या तासाने उरलेले उचलावे. आणि धान्याचे पोते शेळीच्या तोंडाला लागेल असे ठेवू नका. ती गाठ सोडते, झाकण पाडते. झाकणाच्या पिंपावर दगड ठेवा.

खाऊन बसलेच तर? धान्य समोरून काढा, फक्त वाळला चारा ठेवा. जनावर उभे असून नीट गिळत असेल तर १५-२० ग्रॅम खायचा सोडा पाण्यात विरघळवून हळूहळू पाजा. आडवे पडलेल्या, मान टाकलेल्या जनावराच्या घशात काही ओतू नका, ते फुप्फुसात जाते. आणि डॉक्टरला कळवा, सकाळची वाट पाहू नका. फिरत्या दवाखान्यासाठी १९६२ हा क्रमांक आहे. तो लावा आणि गाडी किती वेळात आली ते वहीत लिहून ठेवा. ती वही पुढे कामाची आहे.

धान्याबरोबर येणारा दुसरा यम म्हणजे आंत्रविषार. त्याचे जंतू आतड्यात आधीपासूनच असतात. न पचलेले पिठूळ अन्न खाली उतरले की ते एकदम वाढतात आणि विष सोडतात. कळपातले सगळ्यात गुबगुबीत कोकरू संध्याकाळी उड्या मारते आणि सकाळी मेलेले सापडते. लोक म्हणतात नजर लागली. नजर नव्हे, लस टोचली नव्हती. ही लस आपल्याच राज्यात, पुण्याला औंधच्या सरकारी संस्थेत तयार होते. पावसाळ्याआधी टोचायची, पहिल्या वर्षी दोन-तीन आठवड्यांच्या अंतराने दोनदा, मग दरवर्षी. मे महिन्यात ती गावच्या दवाखान्यात असते की नसते, हे तुम्ही आम्हाला सांगा.

बोकडाचे दुखणे वेगळे. बकरी ईदला किंवा यात्रेला चांगली किंमत यावी म्हणून बोकड धान्यावर चढवतात. धान्यात स्फुरद भरपूर, चुना कमी. लघवीत खडे होतात आणि नराची नळी अरुंद. लहानपणीच खच्ची केलेल्याची तर अधिकच. बोकड कण्हत उभा राहतो, थेंब थेंब गळते, मालक बद्धकोष्ठ समजून तेल पाजतो, आणि आत मूत्राशय फुटते. खुराकात स्फुरदाच्या दुप्पट चुना, रोज मीठ, समोर सदा स्वच्छ पाणी. एवढ्यावर बरेच बोकड वाचतात.

आता काळजाची गोष्ट. शेळीला तांबे लागते, गायीम्हशीला लागते. ते कमी पडले तर केसांचा रंग उतरतो, करडे लुळी जन्मतात. म्हणून गायीच्या आणि शेळीच्या खुराकात, क्षारमिश्रणात, चाटणविटेत तांबे घातलेले असते. मेंढीलाही चिमूटभर लागते, पण तिच्या काळजाला जास्तीचे बाहेर टाकता येत नाही. ते साठत जाते. आठवडे जातात, महिने जातात, मेंढी दिसायला ठणठणीत. मग एक दिवस प्रवास होतो, पावसात भिजते, उपास घडतो, आणि साठलेले तांबे एकदम रक्तात उतरते. डोळे पिवळे, लघवी कोऱ्या चहासारखी, आणि एक-दोन दिवसांत खेळ खलास. त्या दिवशी काय खाल्ले याची चौकशी होते. मारणारा घास तीन महिन्यांपूर्वीपासून रोज पडत होता.

कोकणात याला आणखी एक वाट आहे. फळबागांत मोरचुदाचे बोर्डो मिश्रण फवारतात. मोरचूद म्हणजे तांबेच. त्या झाडांखालचे गवत शेळीने चार दिवस खाल्ले तर निभावेल, मेंढीला तिथे सोडू नये.

म्हणून एकत्र पाळणाऱ्यांना आमचे सांगणे: सामाईक गव्हाणीत मेंढीला चालेल तेच घाला, म्हणजे वरून तांबे न घातलेला साधा भरडा आणि सरकीची किंवा भुईमुगाची पेंड. शेळीचे क्षारमिश्रण शेळीला वेगळे बांधून द्या. चाटणवीट टांगाल तर मेंढीची जीभ पोचणार नाही अशी. सरकीची पेंड मोठ्या जनावराला मापात उत्तम, पण तीन महिन्यांच्या आतल्या करडा-कोकरांना नको. सरकीतले विष पचवणारे कोटीपोट अजून तयार झालेले नसते.

हे ज्ञान काही काल लागलेले नाही. मुंबईच्या परळला पशुवैद्यक महाविद्यालय १८८६ पासून आहे. बोईसरहून ते शंभर किलोमीटरच्या आतबाहेर. नागपूरचे पशुविज्ञान विद्यापीठ २००० साली झाले. तिथले शिकवणारे हे सगळे उत्तम जाणतात, त्यांच्याविषयी तक्रार नाही. तक्रार अशी की १८८६ पासून निघालेले हे ज्ञान अजून गव्हाणीपर्यंत पोचले नाही, कारण त्याने तिथे पोचावे ही कोणाची नोकरी नाही. खुराकाची पोती आम्ही उलटसुलट वाचली. प्रथिने इतके टक्के, तंतू इतके टक्के, गुटगुटीत गायीचे चित्र. ‘मेंढीला घालू नये’ हे तीन शब्द आम्ही पाहिलेल्या एकाही पोत्यावर नव्हते. शाई महाग झाली म्हणावे काय? विडीच्या कट्ट्यावर धोक्याची सूचना छापायला लावता येते, मग पशुखाद्याच्या पोत्यावर का नाही?

तशीच गत योजनांची. दहा शेळ्या एक बोकड, वीस मेंढ्या एक नर. गट वाटले, फोटो निघाले. लाभार्थी नावाचा प्राणी तेवढा मोजला जातो. शेळ्या किती वाटल्या हे सांगतात. वर्षाने जिवंत किती, कशाने मेल्या, हे गावाला कळेल असे कुठे टांगलेले कोणी पाहिले आहे का? आम्हाला फुकटच्या शेळ्या नकोत. त्यापेक्षा गुरचरण गुरांना सोडा, मे महिन्यात लस आणा, दवाखान्यातली रिकामी जागा भरा, आणि पोत्यावर खरे छापा. शेळ्या आमच्या आम्ही घेऊ.

आणि आमच्या शेतकऱ्याला अडाणी म्हणायचे धाडस कोणी करू नये. पाण्याचा ताण बसलेली गुडघाभर ज्वारी जनावराच्या तोंडी लागली की किरळ लागते, हे कोरडवाहू माणसाला कोणत्या विद्यापीठाने शिकवले? कोवळ्या ताटातले विष आणि ते वाळल्यावर ओसरते हे त्याने रानात पाहिले, त्याला नाव दिले, पोरांना सांगितले. जे त्याच्या रानात घडते ते त्याला कळते. जे पोत्यात शिवून येते ते त्याला कोण सांगणार? शिवणाऱ्यानेच सांगायला हवे.

जिल्हा मेळाव्याला येताना दोन गोष्टी बरोबर आणा. आपल्या घरच्या, शेजारच्या खुराकाच्या रिकाम्या पोत्यावरचे लेबल कापून आणा, मग ते कोणत्याही कंपनीचे असो. आणि गावच्या दवाखान्यात यंदा आंत्रविषाराची लस कोणत्या तारखेला आली, किती जनावरांना टोचली, हे लेखी विचारून, उत्तराची प्रत घेऊन या. उत्तर दिले नाही तर अर्जाची पोच आणा. ज्यांची पोरे बोईसर-तारापूरला आहेत त्यांनी हा कागद त्यांना पाठवावा, आणि तिकडच्या पोत्यांची लेबलेही मागवावीत. सगळी लेबले मेळाव्यात एका कापडावर डकवू, आणि ते कापड घेऊन पशुसंवर्धन खात्याच्या जिल्हा कचेरीत जाऊ.